दंतकथा, दप्तर आणि साक्ष : जॉनी कॅशविषयक माहितीपटांतील चरित्रकथन

१

‘चरित्र’ या शब्दात मराठीने दोन अर्थ एकत्र नांदवले आहेत. माणसाचे प्रत्यक्ष आचरण हा एक, आणि त्या आचरणाचा लिहिलेला वृत्तान्त हा दुसरा. साहित्यविचारात हे अर्थ वेगळे राखावे लागतात. कारण वृत्तान्त आचरणाशी कितपत प्रामाणिक आहे, हा चरित्रमीमांसेचा पहिला प्रश्न असतो. चरित्रनायक हयातीतच दंतकथेचा विषय झालेला असेल आणि ती दंतकथा घडवण्यात त्याचा स्वतःचाही हात असेल, तर हा प्रश्न अधिक बिकट होतो. अशा वेळी आचरण आणि वृत्तान्त यांच्यामध्ये नायकाने स्वतःविषयी सांगितलेली कथा हा तिसरा घटक येऊन उभा राहतो. माहितीपटात तर ही कथा नायकाच्या मुद्रेसह आणि आवाजासह समोर येते, आणि मुद्रा व आवाज यांवर प्रेक्षक कागदापेक्षा लवकर विश्वास ठेवतो.

अमेरिकन कंट्री संगीतातील गायक आणि गीतकार जॉनी कॅश (१९३२-२००३) याच्यावरील माहितीपट या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. त्यांपैकी सहांचा विचार येथे केला आहे : रॉबर्ट एल्फस्ट्रॉमचा ‘जॉनी कॅश! द मॅन, हिज वर्ल्ड, हिज म्युझिक’ (१९६९), बेस्टर क्रॅमचा ‘जॉनी कॅश ॲट फॉल्सम प्रिझन’ (२००८), बार्बरा कॉपल आणि सारा डोसा यांचा ‘ट्रिकी डिक अँड द मॅन इन ब्लॅक’ (२०१८), थॉम झिम्नीचा ‘द गिफ्ट : द जर्नी ऑफ जॉनी कॅश’ (२०१९), मॅट रिडलहूव्हरचा ‘माय डार्लिंग व्हिव्हियन’ (२०२०) आणि बेन स्मॉलबोनचा ‘जॉनी कॅश : द रिडेम्प्शन ऑफ ॲन अमेरिकन आयकॉन’ (२०२२). घटना बहुतांशी त्याच, व्यक्ती त्याच, छायाचित्रेही पुष्कळदा तीच. तरीही या सहांतून सहा वेगळे कॅश उभे राहतात. दिग्दर्शकांच्या दृष्टिकोनातील फरक एवढेच याचे कारण देऊन भागत नाही. कोणते दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्यातील कागद नायकाच्या स्वतःच्या शब्दाला छेद देऊ लागला की माहितीपट काय करतो, यावर हा फरक अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यातूनच एक मूल्यात्मक प्रश्न निघतो : दंतकथेची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना चरित्रात जागा मिळते काय?

२

कॅशच्या आयुष्याची रूपरेषा प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. आर्कन्सॉ राज्यातील किंग्जलँड येथे २६ फेब्रुवारी १९३२ रोजी त्याचा जन्म झाला. महामंदीच्या काळात रूझवेल्ट प्रशासनाच्या पुनर्वसन योजनेतून वसवलेल्या डाइस येथील शेतकरी वसाहतीत त्याचे कुटुंब १९३५ मध्ये राहावयास गेले. ही वसाहत केवळ गोऱ्या कुटुंबांसाठी होती. कापसाची वेचणी, १९३७ चा महापूर आणि यांत्रिक करवतीच्या अपघातात १९४४ मध्ये झालेला थोरल्या भावाचा, जॅकचा, मृत्यू या त्याच्या बालपणीच्या ठळक घटना होत. १९५० ते १९५४ या काळात तो हवाई दलात होता आणि पश्चिम जर्मनीतील लांड्सबेर्ग येथे सोव्हिएत मोर्स संदेश टिपण्याचे काम करीत होता. १९५४ मध्ये त्याने व्हिव्हियन लिबर्टो हिच्याशी विवाह केला. १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि १९५८ मध्ये तो कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे गेला. पुढे उत्तेजक गोळ्यांचे व्यसन, १९६५ मध्ये एल पासो येथे झालेली अटक, व्हिव्हियनशी घटस्फोट, जानेवारी १९६८ मधील फॉल्सम तुरुंगातील मैफल, त्याच वर्षी १ मार्च रोजी जून कार्टरशी विवाह, १९६९ ते १९७१ या काळातील दूरचित्रवाणी कार्यक्रम, नंतरची उतरण, १९९४ पासून निर्माता रिक रूबिनच्या साथीने झालेले पुनरागमन आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी मृत्यू.

या घटनाक्रमाला कॅशने स्वतःच एक आकार दिला. १९७५ आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची दोन आत्मचरित्रे पतन, प्रेम आणि उद्धार या त्रिसूत्रीवर उभी आहेत. गोळ्यांनी तो रसातळाला गेला, जूनच्या प्रेमाने तो सावरला, आणि ख्रिस्तश्रद्धेने त्याचा उद्धार झाला. जेम्स मॅनगोल्डच्या ‘वॉक द लाइन’ (२००५) या चरित्रपटाने हाच आकार जगभर नेला. ही त्रिसूत्री खोटी नाही. परंतु ती सुबक आहे, आणि सुबकपणासाठी काही तरी कापावे लागते.

या सुबक आकाराला कंट्री संगीताच्या इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील संगीत वंशानुसार दोन याद्यांत विभागले. गोऱ्यांचे संगीत ‘हिलबिली’ म्हणून आणि काळ्यांचे ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून विकले जाऊ लागले. चाली, गीतप्रकार आणि वाद्ये मात्र ही सीमा मानत नव्हती. कंट्रीशी कायमचा जोडला गेलेला बँजो मुळात आफ्रिकन वंशाच्या लोकांचे वाद्य. टेनेसीतील ब्रिस्टल येथे १९२७ मध्ये ज्यांचे गायन मुद्रित झाले, त्या कार्टर कुटुंबातील मेबेल कार्टरची जून ही मुलगी. तिच्याशी झालेल्या विवाहाने कॅश कंट्रीच्या आद्य घराण्यात गेला. म्हणजे दुसऱ्या विवाहाची कथा ही एका संगीतप्रकाराच्या वंशावळीचीही कथा ठरली. पहिल्या विवाहाला असा कोणताही सांस्कृतिक वारसा नव्हता. त्यामुळे तो कथेतून गळणे सोपे झाले.

३

एल्फस्ट्रॉमचा माहितीपट कॅशच्या कीर्तीच्या ऐन भरात घडला. १९६० च्या दशकात अमेरिकेत हलका कॅमेरा आणि सोबतचे ध्वनिमुद्रण यंत्र यांमुळे प्रत्यक्षदर्शी चित्रणाची पद्धत रूढ झाली होती. डी. ए. पेनबेकरचा बॉब डिलनवरील ‘डोन्ट लुक बॅक’ (१९६७) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. बिल निकोल्सच्या वर्गीकरणात ही निरीक्षणात्मक रीती होय : निवेदक नाही, मुलाखत नाही, कॅमेरा केवळ सोबत चालतो. एल्फस्ट्रॉम कॅशबरोबर दौऱ्यावर जातो, डाइसच्या जुन्या घरी जातो, तुरुंगातील मैफलीला जातो, वुंडेड नी येथे लकोटा लोकांच्या स्मशानभूमीवर जातो, आणि नॅशव्हिल येथे डिलनबरोबर गाताना त्याला टिपतो.

यातील एक प्रसंग पुढच्या सर्व माहितीपटांवर प्रकाश टाकणारा आहे. रानात शिकारीसाठी फिरताना कॅश एका कावळ्याला गोळी घालतो. पक्षी मरत नाही, जखमी होतो. कॅश त्याला हातात घेतो, त्याच्याशी बोलतो, त्याच्यासाठी गातो. एल्फस्ट्रॉम यावर कसलेही भाष्य करीत नाही. इजा करणारा हात आणि करुणा करणारा आवाज हे एकाच माणसाचे आहेत, आणि दुसऱ्याने पहिल्याची भरपाई झाली असे चित्रण सुचवीत नाही. पतन आणि उद्धार यांचा क्रम लावण्यापूर्वीचा कॅश येथे दिसतो. त्याच्या ठायी ही दोन्ही एकाच वेळी आहेत.

या रीतीची मर्यादाही येथेच दिसते. निरीक्षणात्मक कॅमेरा जे समोर आहे तेच दाखवू शकतो. कॅमेरा येण्यापूर्वी जे घरातून निघून गेले, ते त्याच्या कक्षेबाहेर राहते. चित्रीकरण झाले तेव्हा जूनशी झालेला विवाह नवा होता, आणि आधीच्या विवाहाची वर्षे मागे पडली होती. वर्तमानाशी प्रामाणिक राहिलेला हा माहितीपट म्हणूनच भूतकाळाबाबत निरुपाय ठरतो.

एल्फस्ट्रॉमचे पुढील काम पाहता या प्रामाणिकपणाचे मोल अधिक कळते. कॅशने इस्रायलमध्ये चित्रित करवलेल्या ‘द गॉस्पेल रोड’ (१९७३) या येशूच्या जीवनावरील चित्रपटाचे दिग्दर्शन त्यानेच केले, आणि त्यात येशूची भूमिकाही केली. कावळ्याच्या प्रसंगी मौन पाळणारा चित्रकर्ता चार वर्षांत नायकाच्या श्रद्धाकथेतील मध्यवर्ती पात्र झाला.

४

१३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात झालेल्या दोन मैफली हा कॅशच्या दंतकथेचा गाभा. या मैफलींचे चलच्चित्रण झालेले नाही. ध्वनिमुद्रण आहे आणि छायाचित्रकार जिम मार्शलने टिपलेली स्थिरचित्रे आहेत. क्रॅमच्या माहितीपटाला म्हणूनच अनुपस्थित दृश्याभोवती रचना करावी लागते. तुरुंगात त्या दिवशी हजर असलेल्यांच्या साक्षी, स्थिरचित्रे आणि ध्वनी यांतून तो प्रसंग उभा करतो. ही उणीवच त्याचे बळ ठरते. कारण दृश्य नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी तोंडून यावी लागते, आणि साक्षीदार कोण हा प्रश्न टळत नाही.

या ध्वनिमुद्रणाविषयी एक बाब महत्त्वाची आहे. तुरुंगावरील गाण्यातील खुनाच्या उल्लेखानंतर तबकडीवर कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो. मायकेल स्ट्राइसगुथ हा क्रॅमच्या माहितीपटाच्या निर्मितीतही सहभागी होता. हा जल्लोष नंतर संपादनात जोडण्यात आला, हे त्याने आपल्या २००४ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे. पहारेकरी समोर असताना कैद्यांनी अशा ओळीला दाद देणे धोक्याचे होते. तरीही श्रोत्यांच्या पिढ्यांनी हा जल्लोष कॅश आणि कैदी यांच्यातील नात्याचा पुरावा मानला. कॅशने स्वतः कधीही तुरुंगवासाची दीर्घ शिक्षा भोगलेली नव्हती. थोड्या काळासाठी कोठडीत जाण्यापुरताच त्याचा अनुभव होता. गाण्याची चाल आणि बराचसा आराखडा गॉर्डन जेंकिन्सच्या १९५३ च्या एका गीतावरून घेतलेला होता, आणि त्याबद्दल पुढे त्याला भरपाई द्यावी लागली. म्हणजे ज्या ध्वनीत अस्सलपणा ऐकू येतो असे मानले गेले, तो ध्वनी उसनवारी आणि जोडकाम यांतून सिद्ध झालेला आहे. कलाकृती म्हणून त्याचे मोल याने कमी होत नाही. दस्तऐवज म्हणून मात्र त्याचे वाचन बदलते.

क्रॅमने ग्लेन शेर्ली या कैद्याची कथा माहितीपटात आणली, हे त्याचे मोठे योगदान होय. शेर्लीने तुरुंगातील प्रार्थनामंदिरावर रचलेले गीत कॅशने त्या मैफलीत त्याच्यासमोर गायिले. शेर्ली १९७१ मध्ये सुटला, कॅशने त्याला आपल्या चमूत घेतले, व्यासपीठावर आणले. उद्धाराची कथा येथे संपली असती तर ती आदर्श ठरली असती. परंतु तुरुंगाबाहेरचे आयुष्य शेर्लीला पेलले नाही. सहकाऱ्यांना त्याची भीती वाटू लागली, कॅशने त्याला दूर केले, आणि १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. एकाच मैफलीतून दोघांची आयुष्ये बदलली. एकाच्या वाट्याला दंतकथा आली, दुसऱ्याला ती आपल्याही वाट्याला येईल असे काही काळ वाटले. हा दुसरा माणूस समोर ठेवला की उद्धार ही व्यक्तीच्या निश्चयाची गोष्ट आहे, हा समज टिकत नाही. त्यासाठी कीर्ती, पैसा आणि सांभाळणारी माणसे लागतात. शेर्लीजवळ यांतले स्वतःचे असे फारसे काही नव्हते.

५

कॉपल आणि डोसा यांच्या माहितीपटाचे दप्तर शासकीय आहे. १७ एप्रिल १९७० रोजी कॅशने व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन याच्यासमोर गायन केले. निक्सनच्या बाजूने दोन गाण्यांची मागणी झाली होती : मर्ल हॅगर्डचे ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ आणि गाय ड्रेकचे ‘वेल्फेअर कॅडिलॅक’. पहिले तत्कालीन युवकांच्या बंडाची टवाळी करणारे, दुसरे सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांची. कॅशने दोन्ही गायिली नाहीत. युवकांची बाजू घेणारे स्वतःचे ‘व्हॉट इज ट्रूथ’ हे गाणे मात्र गायिले.

माहितीपट या घटनेची रचना सत्ता आणि विवेक यांच्या संघर्षाच्या रूपात करतो. ही रचना प्रभावी आहे. दोन दक्षिणी आणि ग्रामीण मतदारवर्गांचे राजकारण, व्हिएतनाम युद्ध आणि कंट्री संगीताचा सरकारपक्षाने केलेला वापर यांची सांगड ती चांगली घालते. तथापि १९९७ च्या आत्मचरित्रात कॅशने दिलेले कारण साधे आहे : ती गाणी त्याला येत नव्हती आणि बसवावयास वेळ अपुरा होता. येथे एक विलक्षण परिस्थिती उद्भवते. एरवी नायक स्वतःची दंतकथा वाढवतो आणि चरित्रकार ती तपासतो. येथे नायक तिला आवर घालतो आणि माहितीपट ती वाढवतो. कॅश जानेवारी १९६९ मध्ये व्हिएतनाममधील सैनिकांसाठी गाऊन आला होता, आणि जुलै १९७२ मध्ये तुरुंग सुधारणांबाबत सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिल्यावर तो पुन्हा निक्सनला भेटला. विरोध आणि निष्ठा यांची ही गुंतागुंत एका संध्याकाळच्या नकारात मावत नाही. मात्र ज्या गाण्यात गरिबांची थट्टा होती ते न गाणे, कारण काहीही असो, कृती म्हणून उरतेच. हेतूचा निवाडा न करता कृतीचा अर्थ लावता येतो. माहितीपटाने हा मार्ग घेतला असता तर त्याचे म्हणणे अधिक भक्कम झाले असते.

निक्सनविषयीचा माहितीपट २०१८ मध्ये यावा, हेही अर्थपूर्ण आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथील वर्णद्वेषी मेळाव्यात एक नवनाझी कॅशचे नाव असलेला सदरा घालून दिसला, आणि कॅशच्या मुलांनी जाहीर पत्र लिहून आपल्या वडिलांचे नाव द्वेषापासून दूर ठेवण्याची मागणी केली. मृत गायकाचे नाव कोणत्या बाजूला, हा प्रश्न तेव्हा उघड वादाचा झाला होता.

६

झिम्नीच्या ‘द गिफ्ट’ची निर्मिती कॅशच्या वारसांच्या सहकार्याने झाली. १९९७ च्या आत्मचरित्रासाठी सहलेखक पॅट्रिक कार याच्याशी झालेल्या संभाषणांच्या ध्वनिफिती हे त्याचे मुख्य साधन. कथनाचा मध्यबिंदू फॉल्समची मैफल आहे. तेथून कथा मागे डाइसकडे आणि पुढे अखेरच्या वर्षांकडे जाते. मृत माणूस स्वतःच्या आवाजात स्वतःचे आयुष्य सांगतो, तेव्हा चरित्राला आत्मचरित्राचे रूप येते. फिलिप लज्यून याने १९७५ मध्ये मांडलेल्या आत्मचरित्रात्मक करारात लेखक, निवेदक आणि नायक एकच असल्याची हमी वाचकाला दिलेली असते. झिम्नीच्या माहितीपटात निवेदक आणि नायक एक आहेत, परंतु निवड करणारा हात दुसऱ्याचा आहे. करार उसना घेतलेला आहे, आणि आवाजाच्या जवळिकीमुळे प्रेक्षकाला तो उसना असल्याचे जाणवत नाही. असे असले तरी जॅकच्या मृत्यूविषयीची कॅशची व्यथा आणि वडिलांशी असलेले त्याचे नाते यांना येथे जी खोली मिळते, ती अन्य माहितीपटांत क्वचितच दिसते.

स्मॉलबोनचा माहितीपट धर्मोपदेशक ग्रेग लॉरी याच्या ग्रंथावर आधारलेला आहे, आणि त्याचे दप्तर म्हणजे श्रद्धेची साक्ष. त्रिसूत्रीतील तिसरे सूत्र येथे सर्वस्व होते. टेनेसीतील निकाजॅक गुहेची कथा या संदर्भात मोलाची आहे. १९६७ मध्ये मरण्याच्या इराद्याने आपण या गुहेत शिरलो आणि ईश्वराच्या जाणिवेने परत फिरलो, असे कॅशने सांगितले आहे. चरित्रकारांनी या कथेवर शंका घेतली आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस निकाजॅक धरण पूर्ण होऊन गुहेत पाणी आले, आणि गोळ्यांचे व्यसनही त्यानंतर लगेच सुटलेले दिसत नाही. भक्तिपर चरित्राच्या दृष्टीने ही शंका गौण आहे; तेथे कथा कशासाठी सांगितली जाते हे महत्त्वाचे, ती कोणत्या महिन्यात घडली हे नाही. हा दृष्टिकोन संतचरित्राच्या अभ्यासकांना अपरिचित नाही, आणि त्याला स्वतःची संगती आहे. अडचण उद्भवते ती माहितीपट या माध्यमाने दिलेल्या वचनामुळे. आपण घडलेले सांगतो असे एकदा म्हटल्यावर रूपक आणि घटना यांतील सीमा दाखवणे त्याला चुकवता येत नाही.

‘द गिफ्ट’ आणि ‘रिडेम्प्शन’ यांच्या भूमिका भिन्न असल्या, तरी दोहोंत एक साम्य आहे : नायकाच्या शब्दाला छेद देणारा कागद त्यांच्या रचनेत निर्णायक होत नाही.

७

तसा कागद ‘माय डार्लिंग व्हिव्हियन’मध्ये निर्णायक होतो. टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे १९५१ मध्ये हवाई दलातील तरुण कॅश आणि व्हिव्हियन लिबर्टो यांची भेट झाली. तो जर्मनीला गेला, आणि पुढील तीन वर्षांत दोघांनी एकमेकांना हजारो पृष्ठांची पत्रे लिहिली. त्याच्या पहिल्या मोठ्या यशाचे, १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’चे, मूळ व्हिव्हियनला दिलेल्या एकनिष्ठेच्या वचनात आहे. जगभर हे गीत जूनच्या प्रेमकथेशी जोडले गेले आणि चरित्रपटाने शीर्षकासाठी तेच निवडले, यातच दंतकथेची कार्यपद्धती दिसून येते. दुसऱ्या कथेला पहिल्या कथेची सामग्री वापरावी लागली, आणि वापरताना मालकीण विसरली गेली.

या माहितीपटात पत्रे आहेत, घरगुती चित्रफिती आहेत, आणि रोझॅन, कॅथी, सिंडी व तारा या चार मुलींच्या साक्षी आहेत. चौघींच्या आठवणी सर्वत्र जुळत नाहीत, आणि त्या जुळवून एकसंध करण्याचा आग्रह रिडलहूव्हरने धरलेला नाही. कॅलिफोर्नियातील कसिटस स्प्रिंग्ज येथील टेकडीवरच्या घरात व्हिव्हियन चार लहान मुली सांभाळत होती, पती महिनोन्महिने दौऱ्यावर होता, आणि आला तरी गोळ्यांच्या अमलाखाली असे. अन्य माहितीपटांत नायकाचे ‘अंधारे दिवस’ म्हणून येणारा हा काळ येथे एका स्त्रीचे रोजचे आयुष्य म्हणून येतो. तोच काळ, तेच घर. परंतु पतन हा शब्द आता अपुरा वाटू लागतो, कारण पडणारा एक असला तरी ते ओझे पेलणारे पाच जण होते.

या आयुष्यातील सर्वांत भयंकर प्रकरण वंशाचे आहे. एल पासोच्या अटकेनंतर न्यायालयाबाहेर टिपलेल्या व्हिव्हियनच्या एका छायाचित्रावरून ‘द थंडरबोल्ट’ या वर्णवर्चस्ववादी पत्राने ती काळी असल्याचा आरोप केला. धमक्या आल्या, दक्षिणेतील मैफलींवर बहिष्काराची भाषा झाली. कॅशच्या बाजूने उत्तर दिले गेले ते ती गोरी असल्याचे पुरावे गोळा करून. व्हिव्हियनचे पितृकुल सिसिलीतून आलेले, ती कॅथलिक. तिला स्वतःला या प्रकरणात बोलण्यास फारसा वाव नव्हता. माहितीपट ही भीती तिच्या आणि मुलींच्या बाजूने मांडतो.

या प्रकरणाचा उत्तरार्ध माहितीपटानंतर घडला. साहित्यमीमांसक हेन्री लुई गेट्स याच्या ‘फाइंडिंग युवर रूट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात २०२१ मध्ये रोझॅन कॅशच्या वंशावळीचा शोध घेण्यात आला. व्हिव्हियनची एक पूर्वज, सारा शील्ड्स, ही गुलामगिरीत जन्मलेली मिश्रवंशीय स्त्री असल्याचे, आणि तिच्या गोऱ्या पित्याने १८४८ मध्ये तिला मुक्त केल्याचे त्यात निष्पन्न झाले. आरोप करणाऱ्यांचा द्वेष यामुळे तिळमात्र समर्थनीय ठरत नाही. परंतु बचाव करणाऱ्यांनीही ज्या वर्गवारीचा आधार घेतला, ती गोरे-काळे ही वर्गवारीच किती पोकळ होती, हे यातून उघड होते. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी संगीताच्या दोन याद्या केल्या, त्याच समाजाने माणसांच्याही दोन याद्या केल्या होत्या. आणि ज्या स्त्रीला कंट्रीच्या कथेतून वगळले गेले, तिच्या वंशेतिहासात या दोन याद्या एकत्र आल्या होत्या.

व्हिव्हियनने अखेरीस स्वतःही लिहिले. ती २४ मे २००५ रोजी वारली आणि तिचे आत्मकथन सहलेखिकेच्या साहाय्याने २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कीर्तिमान पतीच्या चरित्राला पत्नीच्या लेखनाने वेगळे परिमाण मिळणे, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे आणि सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’मुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. मात्र त्या दोघींपाशी स्वतःची समर्थ भाषा होती, आणि समाजाने त्यांना पत्नी म्हणून नाकारलेले नव्हते. व्हिव्हियनला आधी आपण होतो, एवढेच सिद्ध करावयाचे होते.

या माहितीपटाचीही मर्यादा सांगावयास हवी. त्याच्या निर्मात्यांपैकी एक व्हिव्हियनचा नातू आहे. म्हणजे हेही कौटुंबिक दप्तरच. जून येथे पहिल्या कुटुंबाच्या नजरेतूनच दिसते, आणि व्यसनी माणसाला तिने दिलेली साथ, तिची कला, तिची दुःखे यांना पुरेसा न्याय मिळत नाही. एका घराच्या कथेला दुसऱ्या घराची कथा हे उत्तर झाले. पण दोन घरांच्या मध्ये उभे राहून पाहणारा माहितीपट अद्याप व्हावयाचा आहे.

८

अभिलेखागारासाठी युरोपीय भाषांतून रूढ असलेला शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ सत्ताधीशांचे निवासस्थान असा होता, याकडे देरिदाने १९९५ मध्ये लक्ष वेधले. दप्तर कोणाच्या तरी घरात असते, आणि ज्याचे घर त्याची व्याख्या. कॅशच्या संदर्भात हे शब्दशः खरे आहे. २००३ मध्ये प्रसारित झालेल्या ‘हर्ट’ या गीताच्या चित्रफितीत दिग्दर्शक मार्क रोमानेकने कॅशच्या बंद पडलेल्या ‘हाउस ऑफ कॅश’ या संग्रहालयाची दुरवस्था आणि जुन्या चित्रफितींचे तुकडे एकत्र गुंफले. स्वतःच्याच दप्तराची पडझड पाहणारा वृद्ध गायक हे त्याचे कदाचित सर्वांत सत्य चित्र असेल. पण तेथेही ज्या घराची पडझड दिसते, ते दुसरेच घर होते.

दंतकथा झालेल्या कलावंतावरील माहितीपटाचे मूल्यमापन करताना नवी माहिती किती, दुर्मीळ चित्रण किती, हे निकष आता अपुरे मानावयास हवेत. नायकाच्या शब्दाला छेद देणारा कागद रचनेत कोठे बसवला आहे, आणि नायकाच्या उद्धाराचा खर्च ज्यांच्या खात्यावर पडला त्यांची साक्ष कितपत ऐकली आहे, हे दोन निकष अधिक उपयुक्त आहेत. त्यांवर एल्फस्ट्रॉमचा मौन कॅमेरा, क्रॅमने आणलेला शेर्ली आणि रिडलहूव्हरने ऐकवलेली व्हिव्हियन हे पुढे ठरतात. कॉपल-डोसा, झिम्नी आणि स्मॉलबोन यांची कामे, कौशल्य असूनही, नायकाच्या प्रतिमेच्या कक्षेत राहतात.

२४ सप्टेंबर २०२४ रोजी वॉशिंग्टन येथील संसदभवनात आर्कन्सॉ राज्याच्या वतीने कॅशच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार केव्हिन क्रेसी याने त्याला पाठीवर गिटार आणि हातात बायबल अशा रूपात घडवले आहे. त्याआधी त्याच वर्षी त्याच राज्याने लिटल रॉक येथील शाळांतील वंशभेदाविरुद्ध लढलेल्या डेझी बेट्स हिचा पुतळा तेथे उभारला होता. एका राज्याने आपल्या विसाव्या शतकाची साक्ष म्हणून ही दोन माणसे निवडली, ही गोष्ट गौरवाची आहे. पुतळ्याला एकच मुद्रा असते, आणि राष्ट्राला तेवढी पुरतेही. चरित्राला ती पुरू नये. डाइसच्या गोऱ्यांच्या वसाहतीत वाढलेला, व्हिव्हियनला पत्रे लिहिणारा, शेर्लीला जवळ करून दूर लोटणारा, जखमी कावळ्याला हातात घेऊन गाणारा माणूस एका मुद्रेत मावणारा नव्हता. आणि त्याच्या गाण्यांत आजही जो जिवंतपणा जाणवतो, त्याचे कारणही बहुधा हेच आहे.